ताटाखालची चंची

हिंदुरावनं सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि स्टाफरूमच्या टेबलावर जरिनाच्या समोर उलगडला. कागदावर कालवणाचा तेलकट डाग पसरला होता. एका कोपऱ्यात कपाचं वळं उमटलं होतं. डागाखाली पान-तंबाखूची चंची होती. लाल खणाची, निळ्या गोटाची, झाकणाच्या कडेला पांढऱ्या मण्यांची ओळ आणि मधल्या कप्प्यावर हिरव्या लुगड्याचं तिरकं ठिगळ.

“हे चित्र तुमचंच न्हवं का, ताई?”

जरिनानं कागद जवळ ओढला. ते ठिगळ रंगवताना हिरवा जमेना म्हणून तिनं कितीतरी कागद वाया घालवले होते. धुऊन धुऊन विरलेला हिरवा होता तो. पिवळा जरा जास्त पडला की कापड नवं वाटायचं, काळा पडला की मेल्यासारखं दिसायचं. शेवटी जमला तेव्हा ती एकटीच हसली होती. त्याच हिरव्यावर आता कुणाच्या तरी रश्शाचा तवंग सुकला होता.

“कुठं मिळाला हा कागद?”

“पाणकाठवर. पावण्यांच्या ताटाखाली घालत्यात. जेवणं झाली की गोळा करून कचऱ्यात टाकत्यात.”

पाणकाठ म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्यावर, पळसदेवच्या अलीकडं नव्यानं झालेलं रिसॉर्ट. थंडी सुरू झाली की पक्षी बघायला पुण्याहून गाड्या येतात, आणि हिंदुराव त्या लोकांना त्याच्या बोटीतून पाण्यावर फिरवून आणतो. पाणी उतरलेलं असलं की धरणात बुडालेल्या जुन्या गावाचं देऊळही दाखवतो.

“आन चंची बी तितंच हाय,” तो टेबलाच्या कडेकडं बघत म्हणाला. “आईची. खरी. भितीवर काचेत लावलीया.”

“वस्तू मागून नेल्या त्या राजवर्धननी मला सांगितलं की ती पुण्याला आहे. तज्ज्ञांकडं.”

“मी रोज बघतुय की. दिवाळीच्या आदीपास्नं हाय.”

“आणि तुम्ही आज सांगताय?”

“माझी बोट त्यांच्या धक्क्याला लागती, ताई.” एवढं बोलून तो उठला. दारातून मागं वळून म्हणाला, “आईला अजून म्हायती न्हाय. मला सांगायची छाती झाली न्हाय. तुमी सांगा.”

जरिनानं कागदाची घडी घातली. चित्राच्या खालच्या कडेला पेन्सिलनं ती नेहमी दोन ओळी लिहायची: वस्तू कुणाची, गाव कुठलं. या छापील कागदावर त्या ओळी नव्हत्या. कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून ‘प्रयागबाई, पळसदेव’ एवढे शब्द, हिंदुरावच्या आईचं नाव-गाव, नीट पुसून काढले होते, आणि त्या जागी पांढरं ठेवायच्या ऐवजी वेलबुट्टीची पट्टी टाकली होती.

जरिना सणसरची. बारामतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची, रोज एसटीनं जायची-यायची. तिचे वडील बादशाह मणेर. इंदापूर तालुक्यातल्या आठवडी बाजारांत त्यांनी उभा जन्म पाल टाकलं. बांगड्या, गुंड्या, हूक, नाड्या, अंबाड्याचे आकडे, रिबिनी, सुया, करदोडे. बायामाणसांच्या अंगावरचं जे जे बारीकसारीक असतं ते सगळं बादशाहभाईंच्या पेटीत मिळायचं. गुडघे गेले तेव्हा पाल बंद झालं. पेटीत जुना माल राहिला. जरिना सुट्टीच्या दिवशी तो माल पुढ्यात मांडून जलरंगात काढू लागली. आधी बंडीच्या कापडी गुंड्या, मग शिंगाचा आकडा, मग पितळी छल्ला, ज्यात बायका घरच्या किल्ल्या अडकवून कमरेला खोचायच्या. चित्र वस्तूएवढंच काढायचं, जास्त मोठं नाही, असा तिचा हट्ट होता.

पेटीतलं संपलं तेव्हा ती गावोगाव जाऊ लागली. बादशाहभाईंची लेक म्हटल्यावर कुणी दारात थांबवत नसे. बायका ट्रंका उघडायच्या आणि जुनं काहीबाही काढून पुढ्यात ठेवायच्या.

राजवर्धन तिला शाळेच्या प्रदर्शनात भेटला होता. तिशी उलटलेला, शांत बोलणारा, भिगवण रोडला काचेचं ऑफिस असलेला. ‘वारसा मंच’ नावाची संस्था चालवायचा. तिची चित्रं बघून तो खरोखर गप्प झाला होता, आणि त्या गप्प होण्यावरच ती भाळली. त्यानं पुस्तकाची गोष्ट काढली. मग बारामतीत छोटंसं संग्रहालय, चित्राशेजारी मूळ वस्तू. “महिनाभरासाठी वस्तू मिळाल्या तर फोटो, मोजमाप सगळं होईल. मी मागितल्या तर लोक देणार नाहीत, मॅडम. तुम्ही मागितल्या तर देतील.”

ते खरं होतं. लोकांनी दिल्या.

प्रयागबाईनं चंची देण्याआधी ती उलटी करून उंबऱ्यावर झटकली होती. पान, सुपारी, कात, चुना, तंबाखू, प्रत्येकाला वेगळा कप्पा. सगळं गुंडाळून दोरी आवळली की मुठीएवढं पुडकं होई, ते कनवटीला खोचायचं. तिची आई जुन्या पळसदेवातून निघाली तेव्हा भांडीकुंडी बैलगाडीत होती आणि ही कमरेला. प्रयागबाईनं चंची जरिनाच्या हातात ठेवली आणि सोडली नाही. तशीच धरून म्हणाली, “मी त्या पोराला देत न्हाय. तुला देतीया. म्हाघारी बी तूच आणायची.”

“मीच आणीन, मावशी.”

आज त्या गोष्टीला वर्ष होऊन गेलं होतं. जरिना दर वेळी विचारायची, आणि राजवर्धन दर वेळी तितक्याच शांतपणे सांगायचा की जुनं कापड नाजूक असतं, पुण्यात त्याच्यावर काम चाललंय.

तिनं शाळेच्या जिन्यात उभं राहून फोन लावला.

“मॅडम, बोला.”

“चंची कुठं आहे?”

“पुण्यात. मागच्या वेळी सांगितलं ना, कापड जरा—”

“माझ्या पर्समध्ये पाणकाठ रिसॉर्टचा कागद आहे. त्यावर कुणीतरी मटण सांडलंय.”

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “रिसॉर्ट माझ्या चुलतभावाचं आहे. तिथं आपण एक हेरिटेज कॉर्नर केलाय. तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं. आपण भेटून बोलू.”

जरिनानं फोन ठेवला. वर्गात मुलं वाट बघत होती. तिनं फळ्यावर एक फुलदाणी काढून दिली आणि तास संपेपर्यंत खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

रविवारी ती निघाली तेव्हा शेजारच्या साखरबाईही बरोबर आल्या. त्यांनीही जरिनाच्या शब्दावर आपली कुंची दिली होती. लहान बाळाच्या डोक्यावर टोपीसारखी बसणारी आणि मागं पाठीवर झगा सोडलेली जरीकाठी कुंची. घरातलं प्रत्येक पोर बाराव्या दिवशी त्याच कुंचीत बाहेर आलं होतं. साखरबाईंच्या नातसुनेला दिवस गेले होते आणि त्या दोन महिन्यांपासून जरिनाच्या दारात येऊन आठवण करून देत होत्या. भिगवणला एसटी बदलून दोघी पळसदेवला उतरल्या.

प्रयागबाई अंगणात मासळीचं जाळं उन्हाला टाकत होती. जरिनानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. हिंदुराव भिंतीला टेकून उभा होता. प्रयागबाईनं लेकाकडं एकदा बघितलं.

“तुला ठावं हुतं?”

त्यानं होकाराची मान हलवली.

ती त्याच्याकडं पाठ करून वळली. जाळं तसंच टाकलं, हात धुतले, पायात चपला सरकवल्या. “चल,” ती जरिनाला म्हणाली. तेही प्रेमानं नव्हतं.

पाणकाठवर जेवणाची वेळ होती. मोठा उघडा मांडव, पलीकडं पाणी, टेबलांवर पुण्याची कुटुंबं. गळ्यात दुर्बिणी. आतल्या भिंतीवर पिवळे दिवे सोडलेल्या चौकटी होत्या. प्रयागबाई त्यांच्या समोरून चालत गेली आणि परत आली.

“ह्यात माझी न्हाय,” ती म्हणाली.

“मावशी, ही बघा.”

“ही चंची न्हाय. हे तर फडकं हाय.”

जरिनानं जवळ जाऊन बघितलं. चंची उसवली होती. उसवलीही नव्हती, कापली होती. कडेची शिवण कात्रीनं सरळ कापून, कप्पे उघडून, कापड सपाट पसरून पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. आतला अंधार, जिथं कात-चुन्याचे डाग साचले होते, तो आता दिव्याखाली उताणा पडला होता. दोरी वेगळी काढून खाली वेटोळं करून लावली होती. त्याखाली पितळी पाटी: ‘सरदार घराण्यातील जनानी बटवा, अठरावे शतक’.

प्रयागबाईला वाचता येत नव्हतं. तिनं हिरवं ठिगळ ओळखलं. काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हिला फाडली.”

दाराच्या दोन्ही अंगांना एकेक चौकट होती. दोन्हींत कुंचीचा एकेक अर्धा भाग. जोडी जुळावी म्हणून मधोमध चिरली होती. साखरबाई एका चौकटीपासून दुसरीकडं गेल्या आणि परत पहिलीकडं आल्या. मग त्या तिथल्या एका रिकाम्या खुर्चीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

मॅनेजर धावत आला. त्याच्या मागून राजवर्धन आला. तो पाहुण्यांबरोबर जेवत होता, हात पुसतच उठला होता.

“मॅडम, कळवलं असतं तर गाडी पाठवली असती. या, बसा. मावशी, बसा ना.”

“कापली का?” जरिनानं विचारलं.

“फ्रेममध्ये घ्यायची तर सपाट करावीच लागते. मुंबईच्या डिझायनरनं केलंय, अगदी काळजीनं. मॅडम, खरं सांगू का? घरात राहिली असती तर उंदरांनी खाल्ली असती. आज हजारो लोक बघतायत.”

“काय म्हणून बघतायत? पाटीवर काय लिहिलंय?”

“त्याला जरा कथा लागते. पाहुण्यांना कथा आवडते.”

“काय लिवलंय?” प्रयागबाईनं विचारलं.

जरिनानं पाटी मोठ्यानं वाचली. जवळच्या टेबलावरचं बोलणं थांबलं.

“सरदार कोण?” प्रयागबाई म्हणाली. “माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायची. दुपारच्याला बांधावर बसून ह्या चंचीतनं चिमूटभर तंबाखू काढायची. तिला सरदारीण कुणी केली?”

“मावशी, मान वाढवलाय आम्ही त्यांचा.”

“तिचा मान वाडवायला तिचं नाव खोडावं लागलं?”

राजवर्धन पहिल्यांदाच जरा गडबडला. मग सावरून म्हणाला, “आपण असं करू. या सगळ्या मावशींना इथं बोलावू. मोठा कार्यक्रम घेऊ. साडीचोळी देऊन सत्कार करू. मॅडमचं नाव पुढच्या छपाईत टाकू.”

“सत्कार कशाचा?” प्रयागबाईनं विचारलं. “फाडल्याचा?”

जरिनाला त्याच्याशी आणखी बोलायचं नव्हतं. एवढा वेळ ती ज्या गोष्टीकडं बघायचं टाळत होती ती आता प्रत्येक टेबलावर दिसत होती. ताटांखालून तिची चित्रं डोकावत होती. गुंड्या, आकडे, छल्ला, कुंची, चंची. एका ताटाच्या काठाखालून कुंचीची जरी दिसत होती आणि तिच्यावर लिंबाची चोथा झालेली फोड पडली होती.

ती पहिल्या टेबलाशी गेली. “ताट उचला,” ती म्हणाली.

जेवणारा माणूस तिच्याकडं बघतच राहिला. “काय झालं?”

“तुमचं काही नाही. ताट उचला.”

त्यानं ताट उचललं. तिनं खालचा कागद काढला, ताट ठेवायला सांगितलं, शेजारच्या बाईकडं वळली. मग पुढचं टेबल. आवाज चढवला नाही. वर्गात वह्या गोळा कराव्यात तसे तिनं कागद गोळा केले. ओले, चिकट, फाटलेले. कुणी रागावलं, कुणी हसलं, एक बाई स्वतःहून आपला कागद पुसून पुढं करत म्हणाली, “ही तुम्ही काढलीत का?” जरिनानं मान हलवली आणि पुढं गेली. तेवढी एकच बाई तिला नंतर आठवत राहिली. दोघातिघांनी फोन वर करून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली होती.

राजवर्धन तिच्या बाजूनं चालू लागला. आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात. हे शोभतं का? तुमच्या शाळेच्या संचालक मंडळावर आमची माणसं आहेत.”

“उद्या सांगा त्यांना. मी वर्गातच असते.”

“आणि या वस्तू दान दिलेल्या आहेत. तुमच्याच हातानं आल्यात.”

जरिना थांबली. त्याच्या तोंडावर ते कागद फेकावेत असं तिला वाटलं. पण त्याचं शेवटचं वाक्य खोटं नव्हतं, आणि म्हणून राग आणखीच आत गेला.

“दान?” प्रयागबाई मागून म्हणाली. “मी दान केलं आन मलाच ठावं न्हाय?” मग तिनं मांडवाबाहेर बघून हाक मारली. “हिंदू, हितं ये.”

हिंदुराव धक्क्यावरून वर आला होता आणि मांडवाच्या खांबाशी घुटमळत होता. त्याच्या हातात बोटीच्या इंजिनाचा पेचकस होता. तो त्यानं कधी घेतला हे त्यालाच सांगता आलं नसतं.

“काढ ते,” आई म्हणाली.

“हिंदुराव,” राजवर्धन म्हणाला, “विचार करून काय ते करा.”

“दिवाळीपास्नं तेच करतुय, साहेब,” हिंदुराव म्हणाला. त्यानं खुर्ची ओढली, वर चढला आणि स्क्रू सोडवायला लागला.

मॅनेजर पुढं झाला. राजवर्धननं त्याला हातानं थांबवलं. समोरचे फोन अजून चालू होते. त्याला काय वाटलं ते कुणाला कळलं नाही. तो पाण्याकडं तोंड करून उभा राहिला आणि कुणाला तरी फोन लावत राहिला. चंचीची चौकट खाली आली, मग कुंचीच्या दोन्ही. बाकीच्या वस्तूंच्या मालकिणी तिथं नव्हत्या. वस्तू परत पाठवण्यासाठी जरिनानं मॅनेजरला त्यांची नावं आणि गावं लिहून दिली, आणि लिहिताना पेनाच्या टोकानं कागद फाटला.

प्रयागबाईच्या ओसरीवर त्यांनी काचा काढल्या. कापड पुठ्ठ्याला घट्ट चिकटलं होतं. एका कोपऱ्याला हिंदुरावनं नख लावून बघितलं तर खणाचा धागा सुटून आला. प्रयागबाईनं त्याचा हात बाजूला केला.

साखरबाईंनी कुंचीचे दोन तुकडे पुठ्ठ्यासकट पदरात घेतले. “शिवता येईल की गं,” त्या जरिनाला म्हणाल्या, पण विचारल्यासारखं.

“मी शिवून देते,” जरिना म्हणाली. “दोन्ही. माझ्याकडं चित्र आहे. कुठला टाका कुठं होता ते सगळं त्यात दिसतं. मावशी, पाणी मारून डिंक सोडवू, आणि मी चित्रावरून—”

“नको,” प्रयागबाई म्हणाली.

“होईल पहिल्यासारखी.”

“नको म्हनलं ना.” तिनं तो पुठ्ठा भिंतीला उलटा लावून ठेवला. “चितार कुठं हाय?”

“सणसरला. माझ्या घरी.”

“ते आणून दे.”

जरिनाला आधी कळलंच नाही. “छापून घेऊन देते. मोठी प्रत काढून—”

“छापलेलं नको. तू हातानं काढलेलं.”

“मावशी, ते माझं काम आहे. कितीतरी वर्षांचं.”

“व्हय. आन चंची माझी हुती. आता ती तुझ्या कागदावर हाय, दुसरीकडं कुठंच न्हाय. मग माझी वस्तू तुझ्या घरात कशाला?”

साखरबाई दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. जरिनाचा चेहरा तापला. दुपारभर जो राग त्या माणसावर होता तो आता या म्हातारीकडं वळला, आणि ते तिला स्वतःला आवडलं नाही. “बघते,” एवढंच म्हणून ती उठली.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून मनातल्या मनात भांडत होती. आपण फाडली का? आपण विकली का? भर लोकांत कुणी उभं राहिलं? हे सगळे प्रश्न बरोबर होते, आणि त्यांतल्या एकानंही तिचं समाधान होत नव्हतं. शेजारी साखरबाई तुकडे मांडीवर घेऊन पेंगत होत्या.

बादशाहभाई दारात बाजेवर बसले होते. तिनं चप्पल काढता काढता सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, “अब्बा, माझ्याकडून चित्र मागते ती. जशी काही चोरी मीच केली.”

बादशाहभाई जरा वेळ गुडघा चोळत राहिले. “बाजारात बांगडी भरताना पिचली,” ते म्हणाले, “आन बाई घरी गेल्यावर ती फुटली, तर म्होरच्या बाजाराला मी बदलून द्यायचो. न्हाय दिली तर त्या गावात परत पाल टाकायला तोंड कुठलं?”

“मी फोडली नाही, अब्बा.”

“हातात तूच भरलीस न्हवं.”

ती आत गेली. भाकऱ्या केल्या, ताट त्यांच्यापुढं सरकवलं आणि स्वतः नीट जेवली नाही.

चित्रांची चपटी पेटी कपाटावर होती. तिनं चंचीचं चित्र काढून खिडकीच्या उजेडात धरलं. खरं तर तिला ते द्यायचं नव्हतं. तिनं केलेल्यांपैकी ते सगळ्यांत चांगलं होतं. तो हिरवा पुन्हा कधी जमणार नव्हता. ‘प्रयागबाई, पळसदेव’ हे शब्द खाली तिच्याच हातचे होते. ते तिनं कशासाठी लिहिले होते, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि मग जास्त विचार केला नाही. पुठ्ठा लावून, कापडात गुंडाळून चित्र पिशवीत ठेवलं.

पुढच्या सुट्टीला ती पळसदेवला गेली. प्रयागबाईनं चित्र दोन्ही हातांत घेतलं. बोट कागदाला लावलं नाही, वरूनच फिरवलं. मण्यांची ओळ, गोट, ठिगळ. मग ट्रंक उघडून लग्नातल्या लुगड्याच्या घडीत ते सरकवलं आणि झाकण लावलं.

“च्या घेतीस?” तिनं विचारलं.

आभार नाहीत, माफी नाही. जरिनानं चहा घेतला.

पाणकाठवरच्या त्या व्हिडिओचं थोडे दिवस चाललं. ‘शिक्षिकेनं ताटाखालचे कागद ओढले’ असं काहीतरी लिहून लोक ते एकमेकांना पाठवत राहिले. कुणाला ती बरोबर वाटली, कुणाला उद्धट. पाणकाठच्या ताटांखाली आता पक्ष्यांचे फोटो असलेले कागद आले. पुस्तक झालं नाही, संग्रहालयही नाही. जरिनानं इंदापूरला पोलिसांत तक्रार दिली, आणि तक्रार दिल्यावर काही दिवसांनी शाळेच्या फाटकाशी कुणीतरी एक खोकं ठेवून गेलं. त्यात आकडा, छल्ला, गुंड्या, आणखी काही वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. सगळ्या नव्हत्या. निमगावच्या एका बाईचा मोत्यांचा गोंडा आणि दोन करदोडे कुठं गेले ते कळलं नाही. राजवर्धननं फोनवर हात जोडलेलं चित्र पाठवलं. तिनं उत्तर दिलं नाही.

संचालकांनी तिला बोलावून शाळेच्या प्रतिमेबद्दल समजावलं. ती ऐकत उभी राहिली, आणि त्यांचं संपल्यावर म्हणाली, “सर, तास आहे माझा.” त्या वर्षी चित्रकलेचं प्रदर्शन झालं नाही.

सगळ्यांत जास्त हिंदुरावचं गेलं. पाणकाठचा धक्का त्याला बंद झाला. तो आता गावाच्या बाजूच्या काठावरून बोट काढतो. तिकडं रस्ता खराब, पाहुणे कमी. आईनं त्याच्याशी बोलायला बरेच दिवस लावले. मग एके दिवशी तीच बोटीत जाऊन बसली आणि म्हणाली, “देवळाकडं ने.” एवढं त्यानं जरिनाला फोनवर सांगितलं, आणखी काही सांगितलं नाही.

साखरबाईंची कुंची जरिनानं शिवली. मधोमध शिवण राहिली. पणतू झाला तेव्हा त्यांनी तो त्याच कुंचीत बाहेर आणला, आणि ज्यानं ज्यानं त्या शिवणीबद्दल विचारलं त्याला त्या उभ्या उभ्या सगळी हकीकत ऐकवत होत्या, राजवर्धनच्या नावासकट.

राग जरिनाचा गेला नाही. ती गावांना जायची थांबलीही नाही, पण आता वस्तू कुणाच्या घराबाहेर नेत नसे. दारातच बसून काढायची आणि चित्र तिथंच ठेवून यायची. चित्रांची पेटी रिकामी होत चालली होती, कारण जुन्या चित्रांतल्या वस्तूंचे मालकही एकेक करून मागू लागले होते. देताना दर वेळी तिला वाईट वाटायचं. दर वेळी ती द्यायची.

उन्हाळ्यात ती कळंबला सोनबा नावाच्या म्हाताऱ्याकडं गेली. त्यांच्या बंडीला कधीकाळी चांदीच्या साखळीनं जोडलेली बटणं होती, असं कुणीतरी सांगितलं होतं. सोनबांनी बटणं आणली, पण तिच्या पुढ्यात ठेवली नाहीत. तळहातावर घेतली आणि बोटं अर्धी मिटली.

“आबा, खाली ठेवता का? नीट दिसतील.”

“हितनंच बघ.”

त्यांच्याही कानावर सगळं गेलं होतं. जरिनाच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. बादशाहभाईंच्या लेकीपुढं या गावांत कुणी मूठ मिटली नव्हती. ती मूठ त्या माणसानं मिटायला लावली होती, आणि तो भिगवण रोडच्या काचेत बसून आणखी कसला तरी कोपरा सजवत असेल. तिनं डोळे पुसले, पाण्याची वाटी जवळ ओढली आणि कामाला लागली. बटणं बोटांआडून जेवढी दिसत होती तेवढीच काढली. बोटंही काढली. भेगा, काळी नखं, अंगठ्यावरचा विळ्याचा जुना व्रण.

चित्र सुकल्यावर सोनबांनी ते लांब धरून बघितलं.

“बटणं बारकी झाली,” ते म्हणाले. “हातच मोठा झाला.”

“तुम्ही हात उघडत नव्हता, आबा.”

“उघडणार बी न्हाय,” सोनबा म्हणाले, आणि चित्र घेऊन आत गेले.